पानावरून परतणाऱ्या उजेडातून नत्राचा अंदाज: मुंबईच्या गच्चीवर सुरुवात करणाऱ्यांसाठी

पान न जाळता, न दळता, फक्त त्यावर उजेड टाकून त्यातलं नत्र किती हे सांगता येतं, असं ऐकून बरेच जण सेन्सर विकत घेतात. आठवड्याभरात आकड्यांचा ढीग जमतो. त्या आकड्यांचा पानातल्या अन्नद्रव्यांशी संबंध काय, हे मात्र कळत नाही, कारण तो संबंध सेन्सरमध्ये नसतोच. तो तुम्हाला स्वतःच्या पिकावर, प्रयोगशाळेच्या तपासणीशी जुळवून बांधावा लागतो. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. कॉलेजचा प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि गच्चीवर गंभीरपणे भाजी लावणारे, दोघांनाही त्या जमतील. पीक पालक धरलं आहे, कारण ते मुंबईत पावसाळ्यानंतर सहज येतं आणि त्याचं पान मोजायला पुरेसं रुंद असतं. मेथी-कोथिंबिरीच्या नादी सुरुवातीला लागू नका, ती पानं यंत्राच्या खिडकीत मावत नाहीत.

१. उजेड काय बघतो आणि काय बघत नाही

हिरवं पान निळा आणि लाल उजेड शोषतं. हे काम हरितद्रव्याचं. लाल भागात ६८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास निरोगी पान जेमतेम ५ टक्के उजेड परत पाठवतं. हिरव्यात, ५५० च्या जवळ, थोडा जास्त. मग ७०० च्या पुढे परावर्तन एकदम चढतं आणि ७५० नंतरच्या अवरक्त भागात ४०-५० टक्क्यांवर स्थिरावतं, कारण तिथे हरितद्रव्य काही शोषत नाही आणि पानातल्या पेशी व हवेच्या पोकळ्या उजेड उधळून लावतात. या चढाला रेड एज म्हणतात. आपलं सगळं काम या चढावर आहे.

पानातल्या नत्राचा मोठा वाटा प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत अडकलेला असतो. म्हणून नत्र घटलं की हरितद्रव्य घटतं आणि चढ डावीकडे सरकतो. म्हणजे तुम्ही हरितद्रव्य मोजता आणि नत्राचा अंदाज बांधता. प्रथिनांच्या स्वतःच्या शोषणखुणा १५१०, २०६० आणि २१८० नॅनोमीटरच्या आसपास आहेत. स्वस्त सिलिकॉन सेन्सर तिथवर पोचत नाही, आणि ताज्या पानातलं पाणी त्या खुणा झाकून टाकतं.

स्फुरद आणि पालाश यांबद्दल स्पष्ट राहा. पालाशची या भागात स्वतःची कुठलीही शोषणखूण नाही. एखाद्या प्रयोगात पालाशचा अंदाज चांगला आला, तर बहुधा त्या कुंड्यांत पालाश आणि नत्र एकत्र कमी-जास्त झालेलं असतं. पुढच्या हंगामात ही जोडी तुटली की मॉडेल, म्हणजे आकड्यांवरून अंदाज काढणारं सूत्र, कोसळतं. नवख्याने फक्त नत्र धरावं. मॅग्नेशियम आणि लोह कमी पडलं तरी पान पिवळं पडतं, त्याचा बंदोबस्त शेवटच्या पायरीत आहे.

२. सामान आणि कागदपत्रं

सेन्सरसाठी १८ पट्ट्यांचा, म्हणजे उजेडाचे १८ तुकडे वेगळे मोजणारा, एएस७२६५एक्स घ्या. तो ४१० ते ९४० नॅनोमीटरमध्ये मोजतो, प्रत्येक पट्टी साधारण २० नॅनोमीटर रुंद असते, आणि ६८०, ७०५, ७३० व ७६० या रेड एजच्या पट्ट्या त्यात आहेत. त्याला ३.३ व्होल्ट लागतात, म्हणून ईएसपी३२ बोर्ड (सेन्सर चालवणारा छोटा संगणक) जोडा. ५ व्होल्टचा आर्डुइनो उनो थेट जोडू नका. दोन्ही गोष्टींसाठी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा.

बाकी सामान असं:
- १२ व्होल्ट २० वॅटचा हॅलोजन दिवा, होल्डर, आणि किमान ३ अँपिअरचा डीसी अॅडॉप्टर (लोहार चाळ)
- १० मिलिमीटर जाडीचा शुद्ध पांढरा टेफ्लॉन तुकडा, ५ बाय ५ सेंटिमीटर (नागदेवीच्या औद्योगिक दुकानांत)
- झाकणाचा पत्र्याचा डबा, मॅट काळा रंग, मोटारसायकलची जुनी ट्यूब
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, आलेख कागद, कागदी पाकिटं, सिलिका जेल
- ८ इंची ३० कुंड्या, कोकोपीट, वाळू, जिप्सम, युरिया, ०:५२:३४ आणि ०:०:५० ही विद्राव्य खतं (आकडे क्रमाने नत्र, स्फुरद, पालाश यांचे), मॅग्नेशियम सल्फेट, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण

कागदपत्रांत दोनच, पण दोन्ही आधी मिळवा. पहिली, गच्चीवर ३० कुंड्या ठेवायला सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी. पाण्याचा निचरा कुठे जाईल आणि वॉटरप्रूफिंगवर थेट कुंडी न ठेवता खाली विटा किंवा स्टँड असतील, हे अर्जातच लिहा. नाहीतर प्रयोगाच्या चौथ्या आठवड्यात कुंड्या हलवाव्या लागतात आणि अर्ध्या सावलीत जातात. दुसरं, प्रयोगशाळेचा नमुना-फॉर्म. तिथे ‘पान-देठ परीक्षण’ असं विचारा, पद्धत जेल्डाल (आम्लात पचवून नत्र मोजण्याची) असल्याची खात्री करून घ्या आणि एका नमुन्याला कोरडं किती ग्रॅम लागेल ते लिहून घ्या. माती परीक्षणाचा फॉर्म भरून दिलात तर भलतंच मोजलं जाईल.

३. मोजणीचा डबा

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून सावकाश करा.

सेन्सरच्या बोर्डावर स्वतःचे दिवे असतात: पांढरा, ४०५ नॅनोमीटरचा आणि ८७५ नॅनोमीटरचा अवरक्त. त्यांच्या भरवशावर राहू नका. पांढऱ्या एलईडीचा उजेड ७०० च्या पुढे जवळपास संपतो आणि अवरक्त दिवा ८७५ भोवतीच असतो, त्यामुळे नेमक्या ७३० आणि ७६० च्या पट्ट्या उपाशी राहतात. हॅलोजनचा उजेड निळ्यापासून अवरक्तापर्यंत सलग असतो. घरातला एलईडी बल्ब इथे चालत नाही.

डब्याच्या तळाला बरोबर मध्ये १५ मिलिमीटरचं गोल भोक पाडा. ही तुमची खिडकी. सेन्सर खिडकीच्या सरळ वर ४ सेंटिमीटरवर, तोंड खाली करून बसवा. दिवा ४५ अंशांच्या कोनात, खिडकीपासून ८-१० सेंटिमीटरवर. हा कोन सोडू नका: दिवा आणि सेन्सर एकाच बाजूला सरळ आले की पानाची चकाकी थेट सेन्सरमध्ये जाते आणि गर्द हिरवं पानही फिकट भासतं. सेन्सर बोर्डाची सावली खिडकीवर पडत नाही ना, ते पांढरा कागद लावून डोळ्यांनी बघा.

खिडकी मुद्दाम लहान ठेवली आहे. या सेन्सरमध्ये तीन वेगळ्या चिप आहेत, प्रत्येकीत सहा पट्ट्या, आणि त्या एकमेकींपासून थोड्या लांब बसवलेल्या असतात. मोकळ्या पानावर धरलं तर तिघी तीन जागा बघतात. खिडकी लावली की तिघींना तोच तुकडा दिसतो. शिवाय १५ मिलिमीटरच्या खिडकीत मधली शीर टाळून पान बसवता येतं.

डबा आतून काळा रंगवा, पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. रंगवलेलं काळं कापड आणि काही काळे रंग अवरक्तात चक्क उजळ असतात. घरातलं काळं मखमली कापड सेन्सरखाली धरून ८६० ची पट्टी वाचा, धक्का बसेल. काजळी मात्र सगळीकडे काळी असते. म्हणून पानामागे धरायची पाटी मोटारसायकलच्या ट्यूबची करा, त्या रबरात कार्बनची काजळीच घातलेली असते. तुकडा कापा, पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवा आणि लाकडी ठोकळ्यावर चिकटवा. कापूर जाळून पत्र्यावर धरलेली काजळी तुलनेसाठी उत्तम, पण ती पानाला लावू नका, पान काळं होतं.

पाठीमागे काळंच का? पान अवरक्त उजेड भरपूर आरपार सोडतं. मागे पांढरी फरशी असेल तर तो उजेड परत येऊन रीडिंग फुगवतो. रोज पाठ वेगळी तर रोज आकडा वेगळा.

शेवटी बोर्डावरचे सगळे दिवे कोडमधून बंद करा. सेन्सर बोर्डावरचा छोटा निळा दर्शक दिवाही बंद करा, तो हमखास विसरला जातो आणि ४६० ची पट्टी बिघडवतो. ईएसपी३२ चा दिवा डब्याबाहेर राहू द्या.

४. पांढरं आणि काळं रीडिंग

टेफ्लॉनच्या तुकड्याचा वरचा थर पाण्याखाली ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल-गोल घासा, धुवा, वाळवा. तो प्रत्येक पट्टीत जवळपास सगळा उजेड परत पाठवतो. पिवळट किंवा राखाडी टेफ्लॉन घेऊ नका. झेरॉक्सचा कागद पांढरा संदर्भ म्हणून वापरणं ही फार नेहमीची चूक आहे. त्यात उजळपणा आणणारी रसायनं असतात आणि निळ्या पट्ट्यांत ती फसवतात. टेफ्लॉनला बोटं लावू नका, झिपलॉक पिशवीत ठेवा.

दिवा लावून २० मिनिटं थांबा. मग सेन्सरचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) आणि मोजणीचा वेळ असा ठरवा की पांढऱ्यावर सर्वांत मोठी पट्टी संपृक्त होणार नाही. तपासायची सोपी पद्धत: मोजणीचा वेळ निम्मा केला की रीडिंगही निम्मं व्हायला हवं. झालं नाही तर सेन्सर भरून गेला होता. एकदा ठरलेला गेन पूर्ण प्रयोगात बदलू नका.

काळं रीडिंग म्हणजे दिवा चालू, खिडकीला फक्त रबराची पाटी. दिवा बंद करून घेतलेलं रीडिंग पुरत नाही, कारण डब्याच्या भिंतींवरून भटकणारा उजेड त्यात येत नाही.

सूत्र प्रत्येक पट्टीसाठी एकच:

परावर्तन = (पान − काळं) ÷ (पांढरं − काळं)

समजा ८६० वर पांढरं ४२,०००, काळं १,२०० आणि पान १९,५००. मग १८,३०० ÷ ४०,८०० = ०.४५. ७०५ वर पांढरं ३०,०००, काळं ९००, पान ५,२६५; म्हणजे ४,३६५ ÷ २९,१०० = ०.१५. हे दोन आकडे पुढे लागतील.

दर दहा पानांनंतर पांढरं पुन्हा घ्या. दोन पांढऱ्यांत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर मधली दहा पानं रद्द. कठोर वाटेल, पण कुठलं पान बिघडलं हे नंतर शोधता येत नाही.

५. नत्राच्या पाच पातळ्यांची झाडं

मंडईतून आणलेल्या एकसारख्या हिरव्या जुडीवर मॉडेल बांधता येत नाही. उपाशी ते भरपेट अशी सगळी पानं हवीत, म्हणून झाडं मुद्दाम वेगवेगळ्या नत्रावर वाढवा. पाच पातळ्या, प्रत्येकी सहा कुंड्या.

माध्यम: धुतलेलं कोकोपीट दोन भाग, वाळू एक भाग, दर लिटर माध्यमाला २ ग्रॅम जिप्सम आणि कुंडीमागे मूठभर बागेतली माती. माती यासाठी की युरिया फोडणारे जिवाणू तिच्यातून येतात. जिप्सम यासाठी की मुंबईचं तलावाचं पाणी मृदू आहे, त्यातून कॅल्शियम फारसं मिळत नाही. गांडूळखत घालू नका, त्यात नत्र असतं.

सगळ्यांना समान मिळणारं पाणी, दर लिटरला: ०:५२:३४ ०.२ ग्रॅम, ०:०:५० ०.२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.४ ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावरच्या प्रमाणात. इथे सवयीने १९:१९:१९ टाकलंत तर शून्य नत्राच्या कुंड्या शून्य राहणार नाहीत.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. २१.७ ग्रॅम युरिया एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे ५, १०, १५, २० मिलिलिटर वरच्या समान पाण्याच्या एक लिटरमध्ये घातले की ५०, १००, १५०, २०० मिलिग्रॅम नत्र होतं. पाचवी पातळी शून्य. द्रावण दर आठवड्याला ताजं करा. ऑक्टोबरच्या शेवटी पेरा, दोन खरी पानं आली की आठवड्यातून तीनदा प्रत्येक कुंडीला तिच्या पातळीचं पाणी २०० मिलिलिटर द्या. कुंड्या पातळीनुसार रांगेत लावू नका, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. पाण्याच्या टाकीची सावली रोज एकाच रांगेवर पडली, तर तुम्ही नत्राऐवजी सावली मोजून बसाल.

६. पान निवडणं आणि वाचणं

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात, सकाळी १० ते १२ मध्ये. प्रत्येक कुंडीतून नुकतीच पूर्ण वाढलेली पाच पानं घ्या. सर्वांत कोवळी नकोत, तळाची जुनीही नकोत. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून नव्याकडे नेतं, म्हणून पानाचं वय बदललं की आकडा बदलतो, कुंडी तीच असली तरी.

पान ओल्या मऊ फडक्याने पुसा आणि कोरडं करा. रस्त्याकडेच्या किंवा बांधकामाशेजारच्या गच्चीवर धुळीचा थर दोन दिवसांत बसतो आणि लाल पट्टीतलं परावर्तन वाढवतो; पान आहे त्यापेक्षा उपाशी दिसतं. वरची बाजू खिडकीकडे, मधली शीर टाळून, मागे रबर. दोन्ही अर्ध्या भागांवर एकेक रीडिंग, प्रत्येकी १० सेकंदांच्या आत. हॅलोजनखाली जास्त वेळ राहिलं तर पान कोमेजतं. तोडल्यापासून वाचेपर्यंत पाच मिनिटांहून जास्त जाऊ देऊ नका.

लगेच देठ कापून पाचही पानं आलेख कागदावर ठेवा, कडा आखा, क्षेत्रफळ मोजा. या कंटाळवाण्या कामाचं महत्त्व पायरी ८ मध्ये कळेल. मग पाकिटावर तारीख, कुंडी क्रमांक आणि क्षेत्रफळ पेन्सिलने लिहा, ओल्या हाताने शाई पसरते.

७. वाळवणं आणि प्रयोगशाळा

पानं ६५ ते ७० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवा. ओव्हन कॉलेजच्या प्रयोगशाळेतला असावा. स्वयंपाकघरातला ओटीजी इतकं कमी तापमान स्थिर धरत नाही, आणि मायक्रोवेव्ह तर नकोच. ओव्हनमधून काढताच वजन करा आणि सिलिका जेलसह हवाबंद ठेवा. मुंबईच्या दमट हवेत वाळलेलं पान तासाभरात ओलावा परत घेतं, मग वजनही चुकतं आणि टक्केवारीही.

पालकात पाणी साधारण नव्वद टक्के असतं, म्हणून ८ ग्रॅम ताज्या पानांतून ०.८ ग्रॅम कोरडं मिळेल. प्रयोगशाळेने जास्त मागितलं तर कुंडीतून जास्त पानं काढा, पण ती सगळी सेन्सरखालून गेलेली हवीत. ३० कुंड्या गुणिले दोन तारखा, असे ६० नमुने होतात. खर्च झेपत नसेल तर कुंड्या कमी करा, पातळ्या कमी करू नका. जेल्डालचं पचन घरी करण्याचा विचार मनात आणू नका, त्यात उकळतं संहत सल्फ्युरिक आम्ल असतं.

पाठवताना चार नमुने दोन-दोन भाग करून वेगळ्या क्रमांकांनी पाठवा. दोन्ही भागांच्या निकालांत जितका फरक येईल, त्याहून अचूक तुमचं मॉडेल होऊ शकत नाही.

८. आकडेमोड

प्रयोगशाळा नत्र टक्क्यांत देते, म्हणजे कोरड्या वजनावर. सेन्सर मात्र क्षेत्रफळ बघतो. उन्हातलं जाड पान आणि सावलीतलं पातळ पान यांची टक्केवारी सारखी असली तरी चौरस मीटरमागचं नत्र वेगळं असतं. म्हणून आधी रूपांतर करा. पाच पानांचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आणि कोरडं वजन ०.८ ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला ४० ग्रॅम. नत्र ४ टक्के असेल तर चौरस मीटरला १.६ ग्रॅम. मॉडेल या आकड्यावर बांधा.

पहिला निर्देशांक रेड एजचा घ्या: (८६० चं परावर्तन ÷ ७०५ चं परावर्तन) − १. वरच्या उदाहरणात ०.४५ ÷ ०.१५ − १ = २. लोकप्रिय एनडीव्हीआय (लाल आणि अवरक्त परावर्तनावरून काढलेला निर्देशांक) इथे कमी पडतो, कारण ६८० ला मध्यम हिरवं पानही जवळपास सगळा उजेड शोषून बसतं आणि आकडा ०.८ च्या आसपास अडकतो. भरपेट आणि अतिभरपेट यांत त्याला फरक दिसत नाही.

निर्देशांक आडव्या अक्षावर, नत्र उभ्या अक्षावर, आणि एक सरळ रेषा. एक्सेलमध्ये होतं. त्यानंतरच पायथनच्या सायकिट-लर्नमधलं पीएलएस (अनेक पट्ट्या थोड्या घटकांत एकवटून रेषा बसवणारी पद्धत) वापरून १८ ही पट्ट्या घाला, घटक दोन ते चार. साठ नमुन्यांवर न्यूरल नेटवर्क लावू नका. ते नमुने पाठ करून टाकतं.

तपासणीतला सापळा: एकाच कुंडीच्या चौथ्या आठवड्याचा नमुना शिकवण्यात आणि पाचव्याचा परीक्षेत गेला, तर निकाल खोटा सुंदर येतो. कुंडी पूर्ण बाजूला ठेवा, सायकिट-लर्नमधलं ग्रुप-के-फोल्ड हेच करतं. आर-स्क्वेअरच्या (अंदाज नमुन्यांशी किती जुळतो त्या आकड्याच्या) सोबत सरासरी चूक ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये लिहा. सरळ रेषा आणि पीएलएस यांची चूक जवळपास सारखी आली तर रेषाच वापरा, पुढच्या हंगामात ती कमी फसवते.

लाल माठावर हे मॉडेल लावू नका. त्यातला लाल रंग हिरव्या पट्ट्या झाकून टाकतो. आंब्याच्या तांबूस पालवीचंही तेच. प्रत्येक पिकाला स्वतःची रेषा लागते.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर आणि प्रयोगशाळेचे आकडे जुळवण्याचं काम, करू नका. ओल्या मुळांत हवा नसते, नत्र वाहून जातं, पान पिवळं पडतं आणि ढगाळ दिवसांत ते पातळही होतं. चार कारणं एका आकड्यात मिसळतात. डबा आणि टेफ्लॉन बंद पेटीत सिलिका जेलसह ठेवा. वातानुकूलित खोलीतून सेन्सर एकदम गच्चीवर नेला तर काचेवर दव धरतं आणि सगळ्या पट्ट्या एकदम खाली येतात. अर्धा तास पेटी बंद ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्या.

१०. रोजच्या वापरासाठी भरपेट कुंडी

मॉडेल तयार झाल्यावरही दोन कुंड्या कायम २०० मिलिग्रॅमच्या पाण्यावर ठेवा. बाकी कुंड्यांचा निर्देशांक या दोघींच्या सरासरीने भागा. उत्तर ०.९५ च्या वर असेल तर खत देऊ नका. ०.९० च्या खाली गेलं तर नत्र द्या आणि आठवड्याने पुन्हा वाचा. ऊन, हंगाम, दिव्याचं वय यांचा परिणाम दोन्हीकडे सारखा पडतो, म्हणून हा भागाकार नुसत्या मॉडेलपेक्षा टिकाऊ ठरतो.

भागाकार कमी आला तरी युरियाकडे हात जाण्याआधी झाड बघा. पिवळेपणा तळाच्या पानांपासून, सगळं पान सारखं फिकट: नत्र. तळाच्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी: मॅग्नेशियम. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या, बाकी फिकट: लोह. आठवड्याने वाचल्यावरही भागाकार वर सरकला नाही, तर युरियाचा दुसरा हप्ता थांबवा, कुंडी उलटी करून मुळं बघा. तपकिरी आणि बुळबुळीत असतील तर अडचण पाण्याची आहे.